घाट चढायला टर्बो कशाला?

पत्र: काका, नमस्कार. मी अंबाजोगाईचा. माझ्याकडं 2011 ची ऑल्टो आहे, 796 सीसी, पेट्रोल. महिन्यातून दोनदा आईला दवाखान्यात दाखवायला संभाजीनगरला जावं लागतं. गाडीत आई, अण्णा, बायको, चार वर्षांचं लेकरू आणि मी. परत येताना बीड सोडून पालीच्या पुढं आलं की मांजरसुंब्याचा घाट लागतो आणि गाडी जीव टाकते. एसी बंद करावा लागतो, मागून ट्रकवाले हॉर्न मारतात. मित्र म्हणतो, भंगारातून डिझेल स्विफ्टचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, आणून बसवू. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ऑक्टेन जास्त आहे, इंजिनाला काही होत नाही, असं त्याचं म्हणणं. गॅरेजवाला म्हणतो, टर्बोच्या नादी लागू नको, स्विफ्टचं पेट्रोल इंजिनच टाकू. गाडीची आरसी येत्या वर्षी संपते. बाजूला टाकलेले 90 हजार आहेत. टर्बो बसवू की इंजिन बदलू?

उत्तर: तू मला काका म्हटलंस, तेव्हा मी तुला अरेतुरेच करतो.

निकाल आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत जीव टांगणीला राहणार नाही. टर्बो नको, आणि इंजिनही नको. दोघांत निवड करायचीच असती, तर मी इंजिनाच्या बाजूनं उभा राहिलो असतो. का, ते खाली येईलच. पण त्याआधी तुझ्या घाटाचं गणित मांडू. पत्रात तू सगळं लिहिलंस, लेकराचं वयसुद्धा लिहिलंस, पण घाटात गाडी कुठल्या गिअरमध्ये असते ते लिहिलं नाहीस.

तुझी गाडी रिकामी सव्वासातशे किलोच्या आसपास भरते. चार मोठी माणसं, लेकरू, पिशव्या, टाकीतलं पेट्रोल मिळून 1,050 किलो धर. शंभर मीटरला सहा मीटर चढ आहे असं समज आणि ताशी 50 च्या वेगानं चढायचं ठरव. नुसतं वजन वर न्यायला 12 च्या आसपास अश्वशक्ती लागते. टायरचं घर्षण आणि वारा मिळून आणखी चार. थोडं गिअरबॉक्स खातो. सगळी बेरीज 17-18 होते. तुझ्या इंजिनाची कागदावरची ताकद 47 आहे. मग बाकीची गेली कुठं?

गेली कुठंच नाही, तू ती मागितली नाहीस. 47 हा आकडा 6,200 आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला 6,200 फेरे घेतं तेव्हाचा आहे. तू चौथा टाकून दोन-अडीच हजारांवर घाट चढवायला बघत असशील, तर तिथं हे इंजिन पूर्ण ॲक्सिलरेटर दाबूनही 22 च्या वर जात नाही. शिवाय कारखान्याचा आकडा समुद्रसपाटीच्या हवेचा असतो. आपण बालाघाटावर, पाचशे-सहाशे मीटर उंचीवर आणि वर 42 अंशांचा उन्हाळा. हवा विरळ, गरम. त्यात दहा-बारा टक्के उडाले. एसीचा कॉम्प्रेसर तीन-चार अश्वशक्ती ओढतो. उरली सोळा. लागते सतरा-अठरा. म्हणून गाडी जीव टाकते आणि ट्रकवाले हॉर्न मारतात.

आता दुसरा गिअर टाक. ताशी 50 ला या गाडीचं इंजिन दुसऱ्यात चार हजारांच्या आसपास फिरतं. तिथं ते 34 देतं. उन्हाचे, उंचीचे आणि एसीचे कापून सव्वीस उरते. घाट चढेल, एसी चालू ठेवून चढेल, आणि आईला घाम पुसत बसावं लागणार नाही.

आपल्याकडं गाडी शिकवणारा पहिल्याच दिवशी कानात सांगतो, "वरचा टाक, वरचा टाक, ॲव्हरेज मिळतं." सपाटीवर ते खरं आहे. घाटात छोट्या इंजिनाला वरच्या गिअरात दाबणं म्हणजे थकल्या बैलाला आर टोचत राहणं. इंजिन ओरडायला लागलं की माणसं घाबरतात, त्याला काही होईल म्हणून गिअर वर टाकतात. अरे, ही तीन सिलिंडरची बारा व्हॉल्व्हची मोटर फिरण्यासाठीच बनवली आहे. चार हजारांवर ती ओरडत नाही, गाते. आरपीएमचा काटा नसेल तर आवाजावर जा. ॲक्सिलरेटर पुढं दाबूनही वेग वाढत नाही आणि इंजिन घुमतं, तिथं एक गिअर खाली ये. वेग पार पडायची वाट बघू नकोस, चढ दिसला की आधीच टाक.

हे करूनही गाडी चढली नाही, तर इंजिन आजारी आहे. मग आधी त्याला तपासू. आजारी माणसाला ताकदीचं टॉनिक पाजून काय होणार? मी अठ्ठावीस वर्षं गॅरेज चालवलं. "ओढ नाही" म्हणून आलेल्या जुन्या गाड्यांत मला मोठं काही क्वचितच सापडलं. बहुतेकदा सापडायचं ते असं: क्लच प्लेट घासून घसरतेय, म्हणजे इंजिन फिरतं पण चाकाला पोचत नाही. मागच्या ड्रमचा ब्रेक अडकून चाक धरतंय. एअर फिल्टर धुळीनं पोत्यासारखा झालाय, आणि आपल्या रस्त्यांवर तो लवकर होतो. सायलेन्सरच्या आधीचं, धूर साफ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कोंदलंय. स्पार्क प्लग शेवटचे कधी बदलले ते मालकाला आठवत नाही. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटीची, सेटिंग गेलीय. टायरमध्ये हवा कमी आहे.

क्लच घसरतो का ते घरीच कळतं. सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्यात चाळीसवर जा आणि एकदम ॲक्सिलरेटर दाब. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तशीच राहिली, तर क्लच गेला. ब्रेक धरतोय का ते बघायला वीस-पंचवीस किलोमीटर चालवून थांब आणि चारही चाकांच्या मधोमध हात जवळ ने. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल, तर चोर सापडला. हात लावू नकोस, नुसता जवळ ने.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती बनतो ते मोजणं. प्लग काढून त्या जागी गेज लावायचं, स्टार्टर मारायचा, तिन्ही सिलिंडरचे आकडे लिहून घ्यायचे. तिन्ही जवळजवळ सारखे असतील तर इंजिन ठणठणीत. एक बराच खाली असेल, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट. या तपासणीत तुझ्या नव्वद हजारांतला एक छोटा कोपरा जाईल.

रेडिएटरचंही विचारतो. त्यात काय आहे? खरं सांग. बोअरचं पाणी असेल, तर आपल्याकडच्या बोअरचं जड पाणी आत क्षार धरतं, केटलीच्या तळाशी धरतं तसं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या साली माझ्या गॅरेजात आलेल्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये मी काय काय बघितलं ते सांगत नाही. प्यायलाच नव्हतं, गाडीला कुठून चांगलं घालणार? पण आता ती अडचण नाही. कुलंट घाल. अर्धं कोंदलेलं रेडिएटर घेऊन टर्बोच्या गोष्टी करणं म्हणजे पायात गोळा आलेल्यानं शर्यतीचा अर्ज भरणं.

आता टर्बो. तुझ्या मित्राचं डोकं वाईट नाही, कल्पना शंभर वर्षं जुनी आणि भक्कम आहे. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युशी नावाच्या इंजिनिअरनं 1905 साली तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्यानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. 0.4 बारचा दाब दिला तर हिशेबानं चाळीस टक्के जास्त हवा आत जाते.

पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाचं खालचं टोक हाताला लागतं ना, तेच. मे महिन्यातली 42 अंशांची हवा 0.4 बारवर दाबून टर्बोतून बाहेर पडते तेव्हा ती नव्वदीला पोचलेली असते. तिला थंड करायला इंटरकूलर हवा. तो नसला, तर सिलिंडरमधलं उरलेलं मिश्रण ठिणगीनं पेटलेली ज्योत पोचायची वाट न बघता कुठल्यातरी कोपऱ्यात आपोआप पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनच्या डोक्यावर हातोडा. हळू असेल तर टकटक ऐकू येते, जोरात असेल तर ऐकायला वेळ मिळत नाही. दुसऱ्या कुणीतरी टर्बो बसवलेली एक गाडी माझ्याकडं टोचन करून आली होती. हेड उघडलं तर एका पिस्टनच्या मधोमध पेरूला पोपटानं पाडावं तसं भोक. मालक म्हणाला, "काका, पंधरा दिवस काय पळाली!" पंधरा दिवस.

इथेनॉलचं तुझ्या मित्रानं अर्धं बरोबर सांगितलं. इथेनॉलचं ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याचा गुण, जास्त असतं, ते वाफ होताना मिश्रण थंडही करतं, त्यामुळं नॉकिंगला थोडा अटकाव होतो. आपल्या लातूर-धाराशिव-बीडच्या उसातून निघालेला माल आपल्याच टाकीत जातो, ते बरंच आहे. पण उरलेलं अर्धं असं, की इथेनॉलला तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. तुझे इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोंडं, वीस टक्के इथेनॉलवर आधीच जास्त वेळ उघडे राहतात. वर चाळीस टक्के हवा वाढवलीस तर त्यांना तेवढं पुरवता येणार नाही, आणि दाबाखाली पेट्रोल कमी पडलं की मिश्रण आणखी तापतं. म्हणजे इंजेक्टर मोठे, पंप मोठा, आणि त्या दोघांना हुकूम देणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नव्यानं ट्यून केलेला. शिवाय तुझी गाडी 2011 ची. इथेनॉलचं प्रमाण इतकं नसताना बनलेली. इंधनाचे रबरी पाइप एकदा बघूनच घे, टर्बो असो वा नसो.

भंगारातला डिझेलचा टर्बो हा वेगळाच विषय. डिझेलचा धूर पेट्रोलच्या मानानं थंड असतो. पेट्रोल इंजिन जोरात चालवलं की धूर नऊशे अंशांच्या वर जातो. डिझेलसाठी घडवलेला टर्बाइन त्या भट्टीत किती दिवस टिकेल, हे तो आधीच किती घासला आहे त्यावर ठरेल, आणि भंगारवाला ते सांगणार नाही. त्याला ऑइलची वेगळी लाइन, ऑइल परत यायची लाइन, धूर गोळा करणारा, हातानं बनवलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, मोठा क्लच. मॅनिफोल्डचं वेल्डिंग फुटणार, मग टर्बो लटकणार. नव्वद हजारांत हे सगळं नीट होत नाही. होतं ते अर्धं.

तू विचारशील, मग कंपन्या कशा करतात? त्या इंजिनच टर्बोसाठी घडवतात. 2017 ची बलेनो आरएस 998 सीसीच्या तीन सिलिंडरमधून 102 अश्वशक्ती काढायची. पण तिथं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडायची सोय होती, तिथलं सगळंच त्या दाबासाठी बेतलेलं. जुन्या वाड्यावर वरचा मजला चढवताना आधी पाया बघतात. तुझ्या गाडीचा पाया 796 सीसीचा आहे, आणि तो पंधरा वर्षांचा होत आलाय.

आता तुझा गॅरेजवाला. तो टर्बोला नको म्हणाला यावरून माणूस जाणकार दिसतो. इंजिन बदलण्यात एक प्रामाणिकपणा आहे: जे इंजिन येतं ते आपल्या ताकदीत राहून काम करतं, कुणी त्याच्या नरडीला दाब देत नाही. म्हणून मी वर इंजिनाची बाजू घेतली. पण इंजिन एकटं येत नाही, वऱ्हाड घेऊन येतं. जुन्या स्विफ्टचं चार सिलिंडरचं, तुझं तीनचं. माउंटिंग वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, ॲक्सल वेगळे, वायरिंग वेगळं, ईसीयू वेगळा, किल्लीतली चिप त्या ईसीयूशी बांधलेली. पुढचं वजन वाढलं की स्प्रिंग बसतात. आणि ब्रेक ऑल्टोचेच राहतात. तू घाट चढण्याचं लिहिलंस, पण जाताना तोच घाट तू उतरतोस. घरची सगळी माणसं घेऊन.

मीही हे करून बसलोय. माझ्याकडं झेन होती, 993 सीसीची. तिच्यात मी एस्टीमचं 1298 सीसीचं इंजिन बसवलं. दोन्ही एकाच घराण्यातली, त्यामुळं फार कापाकापी लागली नाही. त्या काळी हौशी पोरांत ही फॅशनच होती. गाडी पळायची, खोटं बोलत नाही. बीड ते संभाजीनगर मी काय वेळेत गेलोय ते बायकोला अजून माहीत नाही. पण आरसीवर इंजिन नंबर जुनाच. पुढं विकायला काढली तेव्हा गिऱ्हाइकानं बॉनेट उघडून नंबर ताडला आणि हात जोडले. म्हटलं, जुनं इंजिन परत बसवू. ते मी जालन्याच्या भंगारवाल्याला दिलं होतं. जालन्यात भंगाराचं काय होतं तुला ठाऊक आहे. तोवर माझ्या झेनचं इंजिन सळई होऊन कुणाच्यातरी स्लॅबमध्ये गेलं असणार. गाडी शेवटी किलोवर विकली.

तुझ्यासाठी ही गोष्ट नुसती गंमत नाही. येत्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण होतील, गाडी अंबाजोगाईच्या आरटीओत पासिंगला न्यावी लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल, तेव्हा पुढची पाच वर्षं मिळतील. तिथं इंजिन आणि चासी नंबर ताडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या तपशिलापेक्षा वेगळं काही गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2019 मध्ये तेच पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं 182-अ हे कलम नव्यानं लिहिलं गेलं: बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन मात्र आरटीओची परवानगी घेऊन बदलता येतं आणि नवा नंबर आरसीवर चढवून घेता येतो. म्हणजे तुझं इंजिन खरंच मेलं असेल, तर ऑल्टोचं तेच 796 सीसीचं दुसरं इंजिन बिल-कागदासह आणून बसवायला वाट मोकळी आहे. स्विफ्टचं नाही. टर्बो तर नाहीच. आणि विमा कंपनीचा माणूस अपघातानंतर बॉनेट उघडतो, आधी नाही, हे लक्षात ठेव.

एवढं वाचूनही जास्त ताकदीची खाज उरली असेल, तर तिच्यावर सरळ औषध आहे. कंपनीनं 2010 साली तुझ्याच ऑल्टोच्या अंगात 998 सीसीचं नवं इंजिन, त्याच्या जोडीचा गिअरबॉक्स घालून के-टेन काढली. 68 अश्वशक्ती, आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, 62 न्यूटनमीटरच्या जागी 90. म्हणजे पंचेचाळीस टक्के जास्त. तुझा मित्र भंगारातून 0.4 बार आणून जेवढं मिळवायला निघालाय, त्याहून थोडं जास्तच, कारखान्यात बसवलेलं, आरसीवर लिहिलेलं, आणि कुठल्याही तालुक्याच्या मेकॅनिकला कळणारं. तुझी गाडी विक, वर हे नव्वद हजार घाल आणि चांगली ठेवलेली के-टेन शोध. बघायला जाताना कॉम्प्रेशनचं गेज बरोबर ने, आणि बॉनेट उघडून इंजिन नंबर आरसीशी ताड. माझ्या झेनसारखी कुणाची कलाकारी तुझ्या गळ्यात पडायला नको.

पण हे सगळं नंतरचं. पुढच्या फेरीला टायरची हवा बघ, पालीच्या पुढं चढ लागायच्या आधी दुसरा टाक, आणि वर पोचेपर्यंत त्यातच राहू दे. एसी चालू ठेव. चढली तर मला एका ओळीचं पत्र पाठव. नाही चढली तर कॉम्प्रेशनचे तीन आकडे लिहून पाठव, पहिल्या सिलिंडरपासून क्रमानं, आणि ऑइल टाकून मोजलेला आकडा असेल तर तोही शेजारी लिही. रेडिएटरमधलं बोअरचं पाणी मात्र या रविवारीच काढ, इंजिन पूर्ण गार झाल्यावर.